अर्धा राहिलेला धवला

तुम्ही खोटं लिहिलंत, डॉक्टर. चुकून नाही, घाईत नाही. समजून-उमजून, एसीत बसून लिहिलंत. माझ्या आईच्या नावापुढे 'बदल नाही' असं लिहून खाली सही ठोकलीत, आणि त्याच महिन्यात तिनं तुमच्या मुलीच्या लग्नात धवला गावा म्हणून नारळ आणि लुगडं घेऊन आमच्या दारात उभे राहिलात. ही दोन्ही कामं एकाच माणसानं केली. त्या माणसाला आमचा गाव देवमाणूस म्हणतो. मी म्हणत नाही.

तुमचं नाव मी इथे लिहिणार नाही. भिते म्हणून नव्हे. ते नाव तुमच्या आईबापानं ठेवलं. सरळ माणसं होती ती, माझ्या आज्याच्या बरोबरीनं मिठागरात पाय जाळून घेतले त्यांनी. त्यांची वस्तू मी कशाला खराब करू?

ज्यांना आमच्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माझी आई चंद्रावती ही बेलपाड्याची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवलारणीचा मान मोठा. ती मांडवात बसून धवला गाते आणि ते गाणं होईस्तोवर नवरीला हळद लागत नाही. धवला कुठं छापलेला नसतो. आईला अक्षर ओळखता येत नाही, तिनं तो चुलतसासूच्या मांडीला मांडी लावून उचलला. त्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाला बोलावणं. ज्या घरचं लग्न त्या घरची मेलेली माणसं, आजा, पणजा, लहानपणी गेलेली पोरं, सगळ्यांना नावानं हाक मारायची, कुणाला वगळायचं नाही. आईच्या डोक्यात अख्ख्या गावाची गेलेली माणसं नांदत होती.

मग तिचं डोकंच रिकामं व्हायला लागलं.

पहिल्यांदा कळलं तेही लग्नातच. एका घरच्या मांडवात तिनं शेजारच्या घरचे पूर्वज बोलावले. बायका हसल्या, वय झालं म्हणाल्या. पुढं ती माझं नाव विसरली. मला ती शेवंती म्हणायची, शेवंती म्हणजे तिची बाळंतपणात गेलेली बहीण. नवीन पनवेलला माझी खानावळ आहे, मच्छीची थाळी देते. मागच्या खोलीत आई आणि बाबा माझ्यापाशी राहायला आले. दुपारच्या गर्दीत आई मध्येच पुढे यायची आणि जेवणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारायची, "तू कोनाचा रं? तुजी आय कवा गेली?" माणूस घास तसाच धरून बसायचा. आई जिवंत असलेल्या माणसानं यावर काय उत्तर द्यायचं?

तेव्हा तुम्ही आलात. गावच्या देवळात सभा घेतलीत. बेलपाड्याचा पहिला मेंदूचा डॉक्टर, पुढं गाडी, मागं हार. मी मागं खांबाला टेकून उभी होते. तुम्ही फार छान बोललात. खोटं वाटलं नाही, आजही त्या दिवशीचं बोलणं मला खोटं वाटत नाही.

तुम्ही म्हणालात, "आपन मिठागराची माणसं. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली तर काय करायचो? चिखल घेऊन धावायचो, खांड बुजवायचो. पण एका वेळी चार ठिकाणी खांडी पडल्या तर? एक बुजवली तर तीन ठिकाणांहून पाणी आत. हा आजार तसा आहे. मेंदूतले निरोप पोचत नाहीत, ही एक खांड. बाहेर चिकट गाठी साचतात, ही दुसरी. आत सूज येते, ही तिसरी. आजवरची औषधं एकेक खांड बुजवत बसली. आता जे आलंय ते एकच औषध आहे, पण त्याचे हात चार. एकाच भरतीत सगळ्या खांडी."

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा, म्हणजे जगन, उभा जन्म बांधावर काढलेला माणूस. "याला म्हनतात डाक्टर," ते मला म्हणाले, "आपली भाषा बोलतो."

"ह्या औषधाच्या रचनेत माझाही सल्ला आहे," तुम्ही शेवटी म्हणालात. टाळ्या पडल्या. ट्रायलमध्ये नाव द्यायला रांग लागली. कुणाला औषध मिळणार, कुणाला नुसती पिठाची गोळी, हे शेवटपर्यंत कुणाला कळणार नाही, असं तुम्ही सांगितलंत. तेही खरंच सांगितलंत.

आई महिन्या-महिन्यानं तुमच्या हॉस्पिटलात जायला लागली. तिथे मनिषा होती, तुमच्या ट्रायलचं सगळं बघणारी. नागपूरकडची मुलगी, संध्याकाळचं जेवण माझ्याकडेच. ती आईला प्रश्न विचारायची, चित्रं दाखवायची. मग बाबांना वेगळं बसवायची आणि घरातला अनुभव विचारायची. मला खानावळ सोडून जाता येत नव्हतं, बाबाच आईला घेऊन जायचे.

सुरुवातीला नुसत्या उलट्या. मग उलट्या थांबल्या. मग एका सकाळी मी वाकटी मासळीचं कालवण फोडणीला टाकत होते, मागून आवाज आला.

"एवरी हलद? कोनी शिकवला गो तुला? काविल झाल्यासारखी वाकटी दिसते ती."

मी वळले. आई दारात उभी. पदर खोचलेला.

"कुणाला बोलतेस गो आये?" मी विचारलं.

"तुला, शकू. आनी कोनाला? हितं दुसरी कोन हाय?"

पातेलं करपलं त्या दिवशी. करपू दिलं.

आई सगळी परत आली असं मी म्हणणार नाही. तारीख तिला आधीही ठाऊक नव्हती, नंतरही नव्हती. टीव्हीच्या रिमोटला ती शेवटपर्यंत मोबाइलच म्हणायची. पण ती आली. गिऱ्हाइकाला त्याची आई कधी मेली ते विचारायचं बंद झालं. कोळंबी निवडायला बसली. आणि मग गुणगुणायला लागली. आधी नुसती चाल, मग शब्द, मग नावं. आमच्याच घरच्या गेलेल्यांची नावं ती एका दुपारी एकामागून एक बोलवत गेली आणि शेवंतीवर आल्यावर थांबली. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ती गेली नाय का? मी तुला शेवंती बोलवाची, नाय?"

ते तिला आठवत होतं. आपण विसरलो होतो, हे तिला आठवत होतं.

हे तुम्ही पण ऐकलंत. गणपती झाल्यावर तुम्ही थाळी खायला आलात. कधी नव्हे ते, घरच्या चवीची आठवण झाली म्हणालात. आई आत गात होती. तुमचा हात ताटातच राहिला. ती तुमच्या घरचे बोलवत होती, मुद्दाम, तुम्ही बाहेर बसलात हे तिला कळलं होतं. तुमचा आजा, तुमची बुडून गेलेली आत्या, तुमचे वडील, मग तुमची आई. तुमच्या आईचं माहेरचं नावसुद्धा. तुम्ही डोळे पुसलेत. मी बघितलं, आणि मला तुमच्याबद्दल माया वाटली. आज त्या मायेचीच चीड येते.

आठवडाभरात नारळ आणि लुगडं घेऊन आलात. "काकी, रेवाचं लग्न ठरलंय. करंजा गावचं घर आहे, बोटींचे मालक. सगळा कार्यक्रम लॉनवर आहे, पण हळद तुझ्या धवल्याशिवाय लावणार नाही. पूर्ण धवला येणारी आता तूच उरलीस."

आईनं नारळ ओटीत घेतला. धवलारणीनं नारळ घेतला की शब्द दिला. मग ताप असो, सुतक असो, कुणी दुसरी पाठवायची सोय नाही. हे तुम्हाला ठाऊक. तुम्ही आमच्यातलेच.

आणि त्याच महिन्यात तुमच्या सहीचा कागद वर गेला. चंद्रावती जगन, बदल नाही.

ट्रायल बंद झाली. कंपनीनं सगळ्या गावांचे, सगळ्या शहरांचे आकडे एकत्र केले, सरासरी काढली, फरक दिसत नाही म्हणाली. गोळ्या परत घेतल्या. मनिषा जेवायला आली तेव्हा तिनं ताटाला हात लावला नाही.

"शकूताई, कोणाला काय मिळालं ते उघडलंय. मावशींना औषधच मिळत होतं, खरं औषध."

"मग फरक दिसत नाही म्हणजे काय? हिला दिसत नाही फरक?" मी आईकडे बोट केलं. आई तिच्या ताटात कोलीम वाढत होती. कोलीम म्हणजे जवळा, आणि मनिषाला तो आवडत नाही हे आईला आठवत होतं, म्हणून ती चिमूटभरच वाढत होती आणि वर हसत होती.

मनिषानं मला समजावलं. फोड करून, न कंटाळता. एका औषधाला चार कामं दिली की भानगड अशी होते, एका कामाला जेवढा डोस पुरतो तेवढा दुसऱ्याला पुरत नाही. वाढवायला जावं तर पहिलं काम जास्त होतं आणि पोट उलटतं, नाडी मंदावते. म्हणून डोस मधल्यामध्ये ठेवला. काहींच्या अंगी लागला, बऱ्याच जणांच्या नाही. सरासरी सपाट. "पुढच्या औषधात ते चारऐवजी दोनच कामं जोडणार आहेत. नवी ट्रायल सरांनाच मिळालीय."

"आणि जिच्या अंगी लागला ती?"

मनिषा म्हणाली, "सोय आहे. ट्रायल संपली तरी ज्याला गुण आला त्याला औषध देत राहता येतं. कंपनीकडे गोळ्या आहेत, मी विचारलं. पण इथल्या मुख्य डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं, की हिला गुण आला. मग पुढची समिती, मग कंपनी. पहिली सही सरांची."

"मग देतील की. त्यांनी तर कानानं ऐकलंय."

"ताई, मावशींच्या पुढे 'बदल नाही' आहे. प्रत्येक वेळी. तारखेत, चित्रांत त्या चुकतातच, आणि घरून आलेलं उत्तरही तेच." ती बाबांकडे बघत नव्हती, पण मला कळलं.

तिच्यादेखत मी बाबांना विचारलं. "बाबा, तिथं तुमाला विचारायचे, आई कशी हाय. तुमी काय सांगायचात?"

"काय सांगनार? हाय तशीच."

"हाय तशीच?"

"मग काय बोलू? बरी झाली बोलू?" बाबा चिडले. "असा कोन बोलतो का तोंडानं? दिष्ट लागंल. तुजा भाऊ गुटगुटीत हाय बोललेली तुजी आत्या, आठवतो का? आठ दिवसान गेला. मी नाय बोलनार. त्या पोरीनं किती वेला विचारला, मी बोललो, हाय तशीच, हाय तशीच." मग त्यांनी आईच्या कानामागचा पदर सारून दाखवला. काजळाचा ठिपका. दर वेळी हॉस्पिटलला निघताना ते तो लावत होते. "ह्या ठिपक्यान वाचली ती."

मनिषानं तोंडावर हात ठेवला. ती नागपूरची, तिला कुठून कळणार? तिनं विचारलं, म्हाताऱ्यानं सांगितलं, तिनं खूण केली.

पण तुम्ही, डॉक्टर? तुम्ही बेलपाड्याचे. आमच्यात चांगलं झालेलं कुणी तोंडानं बोलत नाही हे तुम्हाला कुणी शिकवायला पाहिजे? तुम्ही मेडिकलला पहिले आलात तेव्हा तुमची आई आमच्या दारात येऊन काय म्हणाली होती, माझी आई नेहमी सांगायची. "पोरगा हाय तसाच." आणि घरी जाऊन मीठमोहऱ्या ओवाळल्या. तिला तुम्ही नापास झालात असं वाटत होतं काय?

मी तुमच्या केबिनमध्ये आले. हात जोडून आले, हेही लिहिते. बाबांनाही आणलं. बाबा प्रथमच बोलले, "बरी झालेली डाक्टर. लय बरी झालेली. मीच बोललो नाय." बोलताना त्यांनी दिष्ट लागू नये म्हणून खिशात ठेवलेली लसूण हातात घट्ट धरली होती.

तुम्ही खुर्ची मागे सारलीत. शुद्ध बोललात, शहरातलं. "शकू, हे असं मागून बदलता येत नाही. जे उत्तर दिलं तेच नोंदवायचं असतं. त्यालाच शिस्त म्हणतात."

"पण तुम्ही ऐकलंत तिला. तुमच्या आईचं माहेरचं नाव घेतलं तिनं."

"ते माझं वैयक्तिक झालं. गाणं हे काही मोजमाप नाही."

"मोजमाप नाही तर लग्नात कशाला बोलवलंत? बदल नसलेल्या बाईला कोणी सगळ्या गावासमोर गायला बसवतं?"

तेव्हा तुमचा आवाज खाली आला. "हे बघ. माझ्याच हातानं मी 'बदल नाही' लिहिलंय. आता माझ्याच हातानं 'गुण आला' लिहून देऊ? उद्या विचारतील, इथली बाकीची उत्तरं तरी खरी कशावरून? ट्रायलचं माझं हे सगळं केंद्र संशयात जाईल. नवं काम हातात आलंय. त्यात अजून शेकडो लोकांचं भलं आहे. एकीसाठी..."

पुढचं तुम्ही बोलला नाहीत. मीच पुरं करते. एकीसाठी तुम्हाला आपली चूक कबूल करायची नव्हती. शेकडो लोकांचं नाव पुढं करून तुम्ही आपली खुर्ची वाचवलीत. आणि ती चूक एकीची असेल कशावरून? गावातली रांगेत उभी राहिलेली सगळी म्हातारी माणसं अशाच नवऱ्यांच्या, अशाच बायकांच्या सोबतीनं येत होती. त्यातल्या किती जणांनी 'हाय तशीच' म्हटलं? तुमच्या सपाट सरासरीत आमची भीती किती आणि औषधाचा दोष किती, हे तुम्ही तपासलंत? नाही. तपासलं असतं तर पहिलं बोट तुमच्यावर आलं असतं.

आम्ही निघालो तेव्हा दारापाशी तुम्ही म्हणालात, "आणि लग्नाला काकीला आण हं. पूर्ण नाही जमलं तर थोडं. शूटिंगवाला आहे, तेवढं झालं तरी पुरे."

तिथे माझे जोडलेले हात सुटले. ते परत जोडले गेले नाहीत.

"आणते," मी म्हणाले.

गोळ्या बंद झाल्या आणि आई जशी परत आली होती तशीच हरवत गेली, पायरी पायरीनं, फक्त उलट्या दिशेनं. आधी नावं गेली, मग शब्द, मग चाल. वाकटीत हळद किती हे विचारेनाशी झाली. मनिषाच्या ताटात एक दिवस तिनं कोलमाचा ढीग वाढला, आणि मनिषानं तो सगळा मुकाट्यानं खाल्ला. मग एका दुपारी आईनं मला हाक मारली, "शेवंते." मी ओ दिली. काय करणार?

लग्नाच्या सकाळी बाबा दारात आडवे उभे राहिले. "नको नेऊ तिला. लोक हासतील."

"नारळ घेतलाय तिनं. परत देता येतो का, सांगा."

नारळ परत देता येत नाही. बाबांनी खिशातून काजळाची डबी काढली, आईच्या कानामागं ठिपका लावला. मग ती डबी माझ्यापुढे धरली. "तू पन लाव. तुजा तोंड बघून मना भ्या वाटतो."

लॉन भरलं होतं. करंज्याची माणसं एका बाजूला, बेलपाडा दुसऱ्या बाजूला, मध्ये तुमचे हॉस्पिटलवाले, कंपनीचे दोघे सुटाबुटात. मनिषाही होती. आईला तुम्ही स्वतः हात धरून आणलंत, लाल गादीवर बसवलंत, कॅमेऱ्याकडे बघून तिच्या पाया पडलात. माइकवर सांगितलंत, "ही आमची परंपरा. ही आमच्या गावची चंद्राकाकी. मराठीत, आगरीत, जे म्हणा, असा धवला आता ऐकायला मिळणार नाही." टाळ्या. रेवा पाटावर बसली. हळदीची वाटी आली.

आईनं सुरुवात केली. मला वाटलं होतं गप्प बसेल, आणि तेवढ्यानंच तुमचं तोंड पडेल. पण हळदीचा वास, पाट, मांडवाच्या दारातली उंबराची डहाळी, हे सगळं बघून तिच्यात काहीतरी हललं. गणपतीला, गावदेवीला बोलावलं. आवाज खणखणीत. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत, जसं काही म्हणत होतात, बघ, उगाच घाबरत होतीस.

मग गेलेल्यांची हाक सुरू झाली. तुमचा आजा आला. मग ती अडखळली. तिनं समोर बघितलं. समोर तुम्ही उभे, फेटा बांधून, हार घालून. हार घातलेला माणूस आईला कुठं दिसतो? भिंतीवर, तसबिरीत.

तिनं तुमचं नाव घेतलं. दाखल्यावरचं नव्हे, गावातलं, तुमची आई हाक मारायची ते. चालीत, सुरात, गोड आवाजात तिनं तुम्हाला सांगितलं की पोरीचं लगीन आहे, स्वर्गाची वाट सोडून ये, वरून बघ, पोरीला आशीर्वाद दे.

करंज्याची एक बाई ताडकन उठली. "ह्यो काय अपशकून! जित्या बापाला मेला बोलतान मांडवान? उठा रं, ही हलद आमाला चालाची नाय." नवऱ्याचा मामा पुढे आला. खुर्च्या सरकल्या. आई गातच होती. तुमच्याच नावावर अडकली होती, पुन्हा पुन्हा तुम्हालाच बोलवत होती.

तुम्ही माइक हिसकावून घेतलात. तुमचा चेहरा तेव्हाच प्रथम आमच्यासारखा दिसला, मिठागरातल्या माणसासारखा, बांध फुटलेला बघताना. आणि तुमच्या तोंडून शुद्ध भाषा पार गळून पडली.

"पाव्हनं, बसा, बसा! मनावर घेऊ नका. काकी आजारी हाय. औषध चालू होता तवा ठनठनीत होती, मी सोता ऐकलाय हिला, एक नाव चुकत नव्हती. औषध बंद झाला न ही अशी झाली. तिचा दोष नाय. औषध बंद झाला ना!"

लॉनभर घुमलं. करंज्याच्या लोकांनी ऐकलं, बेलपाड्यानं ऐकलं, मनिषानं ऐकलं. सुटाबुटातल्या त्या दोघांतल्या एकानं दुसऱ्याकडे बघितलं. बाबा माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी माझा हात दाबला. "बोलला," ते पुटपुटले. "तोंडानं बोलला."

पाटावरून रेवा उठली. अंगावर हिरवी साडी, कपाळाला मुंडावळ्या. ती आईपाशी येऊन बसली, तिच्या हातावर हात ठेवला, तेव्हा कुठे आई थांबली. मग रेवानं मान वर करून, अगदी साध्या आवाजात, आमच्या सगळ्यांदेखत तुम्हाला विचारलं, "बाबा, मग काकीचं औषध परत चालू का नाही केलं?"

तुम्ही माइकचं बटन बंद केलंत. डीजेवाल्याला खूण केलीत. ढोल वाजला. हळद कुणीतरी लावली. धवला अर्धाच राहिला.

दोन दिवसांनी तुमचा माणूस निरोप घेऊन आला. "साहेब म्हणतात, लग्नाच्या गडबडीत, पाव्हण्यांना समजवायला म्हणून तसं बोलले. त्याचा वेगळा अर्थ काढू नये." मी त्याला थाळी वाढली. जेवून झाल्यावर सांगितलं, "साहेबांना म्हणावं, उत्तर शकू स्वतः देईल." हे ते उत्तर. गावच्या देवळात, जिथे तुम्ही सभा घेतलीत, तिथे मी हे मोठ्यानं वाचणार आहे. कंपनीलाही पाठवलंय, आणि त्या समितीलाही.

लोक मला विचारतात, आईला चारचौघांत असं बसवायला जीव कसा झाला तुझा? त्यांना माझं उत्तर मी देईन. पण रांगेत आधी तुम्ही आहात.

गोळ्या कंपनीकडे पडून आहेत. सही तेवढी राहिलीय. आई आत कोळंबी घेऊन बसलीय, सोललेली आणि न सोललेली एकाच टोपलीत टाकते आहे. मनिषा म्हणते, उशीर झाला तर जे गेलं ते औषधानंही परत येत नाही.

तुमच्या मुलीला तुम्ही उत्तर दिलं नाहीत, ढोल वाजवलेत. माझ्यापाशी ढोल चालणार नाहीत. कागदावर तुम्ही लिहिलंत 'बदल नाही'. माइकवर तुम्ही बोललात 'औषध चालू होता तवा ठनठनीत होती'. दोन्ही तुमचंच. यातलं खोटं कुठलं? आणि जे खरं आहे त्याच्याखाली सही कधी करणार?

बोला, डॉक्टर. ह्या वेळी 'हाय तशीच' चालणार नाही.